जुळवलेला बाण आठवड्यात पुन्हा शेपूट का हलवतो? पारंपरिक धनुष्यासाठी समस्या निवारण

बाण जुळवून झाला, चार दिवस मस्त सरळ गेला आणि पुन्हा शेपूट हलवायला लागला, की बहुतेकांचा हात आधी बाणाकडेच जातो. टोकाचं वजन बदलतात, काठी अर्धा इंच कापतात. कापलेली काठी काही परत वाढत नाही. तक्रार वरचेवर येत असेल तर दोष बहुधा धनुष्याच्या बाजूला सापडतो. दोरी ताणली गेलेली असते, नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण लावायची खूण, दोन मिलिमीटर सरकलेला असतो, शेल्फवरचं, म्हणजे धनुष्यात बाण टेकतो त्या खाचेतलं, चामडं झिजलेलं असतं. बाण तोच असतो, पण त्याला मिळणारा धक्का बदललेला असतो. म्हणून इथला क्रम धनुष्यापासून सुरू होतो. करवत शेवटी.

हे सगळं उजव्या हाताच्या तीन बोटांनी दोरी ओढणाऱ्या आणि बाण शेल्फवरून सोडणाऱ्या तिरंदाजासाठी लिहिलं आहे, मग धनुष्य टोकं पुढे वळलेलं रीकर्व्ह असो की लांब, साधं लाँगबो. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं. अंगठ्याने ओढणाऱ्यांचा बाण धनुष्याच्या दुसऱ्या अंगाला असतो आणि दोरीही उलट बाजूला निसटते, त्यामुळे उजव्या अंगठ्याने ओढणाऱ्यांनाही डावं-उजवं उलटच धरावं लागेल.

शेपूट नेमकं कसं हलतंय?

"बाण नीट जात नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. नॉक, म्हणजे बाणाच्या मागचा दोरीत बसणारा खाचेचा तुकडा, भडक रंगाचा लावा आणि कुणाला तरी थेट तुमच्या मागे उभं करून बघायला सांगा. मागून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलंत तर आणखी बरं. तीन प्रकार दिसतात.

शेपूट वर-खाली होत असेल तर आधी नॉकिंग पॉइंटवर संशय घ्या. डावी-उजवीकडे मोठे हेलकावे घेत असेल तर काठीचा कडकपणा, म्हणजे स्पाइन, जुळलेला नाही किंवा दोरी सोडताना बोटं अडखळताहेत. तिसरा प्रकार सहसा ओळखू येत नाही: हेलकावा लहान, पण थरथर जलद, आणि ती पहिल्या काही मीटरांतच दिसते. हा स्पर्शाचा दोष. पिसं किंवा काठीचा मागचा भाग शेल्फला किंवा बाजूच्या पट्टीला (बाण धनुष्याला ज्या बाजूने टेकतो तिथल्या) घासून जातो आहे. अशा वेळी स्पाइन कितीही बदला, ही थरथर जात नाही.

लक्ष्यात रुतलेला बाण कुठल्या बाजूला तिरका आहे यावरून अनेक जण निदान करतात. त्यावर फार विसंबू नका. थरांच्या फोमचा किंवा गवताच्या पेंढीचा ठोकळा बाणाला आपल्याला हवा तसा वळवून घेतो. तिरकेपणापेक्षा बाण कुठे लागला ते जास्त खरं बोलतं.

बाण वाकतो म्हणूनच सरळ जातो

बोटांवरून सुटताना दोरी सरळ पुढे जात नाही. बोटांच्या टोकांना वळसा घालताना ती आधी डावीकडे, तुमच्या अंगाकडे सरकते. त्यासोबत नॉक डावीकडे ढकलला जातो. पुढे टोकाचं वजन जागचं हलायला तयार नसतं, त्यामुळे मधली काठी वाकते, मग उलट बाजूला वाकते आणि या हेलकाव्यातच रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या जाड भागाला, वळसा घालून निघून जाते. वाकण्याचा वेग आणि धनुष्याचा जोर एकमेकांशी जुळले की मागची पिसं रायझरला न शिवता पार होतात. काठी गरजेपेक्षा कडक असेल तर ती पुरेशी वाकत नाही आणि बाण डावीकडे जातो. नरम असेल तर उजवीकडे.

काठीवर छापलेला आकडा हा नुसत्या काठीचा, टेकूंवर ठेवून मोजलेला कडकपणा असतो. लाकडी काठीला २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मध्ये २ पौंड वजन टांगतात आणि २६ ला मिळालेल्या झोळाने भागतात. झोळ ०.५२ इंच आला तर काठी ५० पौंडांची, म्हणजे साधारण तेवढ्या ओढीच्या धनुष्याजोगी. कार्बनची मोजणी २८ इंच अंतरावर १.९४ पौंड वजन लावून होते आणि झोळ इंचाच्या हजाराव्या भागांत मोजून तो आकडा छापतात. ५०० म्हणजे ०.५०० इंच झोळ. म्हणूनच कार्बनमध्ये आकडा मोठा तितकी काठी नरम, आणि लाकडात नेमकं उलट. लाकडावरून कार्बनवर आलेल्यांची इथेच गफलत होते. ढोबळ रूपांतर हवं असेल तर कार्बनच्या झोळाला ०.८२५ ने गुणा आणि २६ ला त्या उत्तराने भागा. ५०० ची कार्बन काठी लाकडाच्या हिशेबात सुमारे ६३ पौंडांची निघते, ६०० ची साधारण ५२ ची. "माझं धनुष्य ४५ चं, मग ५०० घेतो" असं म्हणून घेतलेली कार्बन काठी इतकी कडक का वागते ते यावरून समजेल. अशी काठी चालवायची तर ती लांब ठेवावी लागते आणि पुढे जड टोक लावावं लागतं.

प्रत्यक्ष उडताना काठी किती कडक वागेल हे लांबी, टोकाचं वजन, दोरीचा प्रकार आणि तुम्ही खरोखर किती ओढता यावर ठरतं. धनुष्यावर लिहिलेलं वजन, म्हणजे ओढायला लागणारा जोर, २८ इंच ओढीचं असतं. तुम्ही २६ इंचच ओढत असाल तर प्रत्येक इंचाला साधारण २ ते ३ पौंड वजा करा. ४५ चं धनुष्य तुमच्या हातात ४० चंच असेल.

पहिलं काम: धनुष्य

ब्रेस हाइट मोजा. ग्रिपच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचं हे काटकोनातलं अंतर. लाँगबोला साधारण ६ ते ७½ इंच, रीकर्व्हला ७ ते ८½ इंच, पण तुमच्या धनुष्याच्या कारागिराने दिलेला पल्ला असेल तर तोच धरा. त्या पल्ल्याच्या खालच्या टोकाला सुरुवात करा, तीन-चार बाण सोडा, दोरीला चार-पाच पीळ घाला, पुन्हा मोजा, पुन्हा सोडा. एका उंचीवर आवाज स्पष्ट दबतो आणि हाताला बसणारा हादरा कमी होतो. तीच तुमची उंची. पीळ मूळ ज्या दिशेने आहे त्याच दिशेने वाढवा, नाहीतर मधलं सर्व्हिंग, म्हणजे दोरीभोवती गुंडाळलेला दोरा, सैल पडतं.

नवी दोरी, विशेषतः डेक्रॉनची (पॉलिस्टरच्या धाग्याची), सुरुवातीच्या शंभरेक बाणांत चांगलीच ताणली जाते. ब्रेस हाइट पाव इंच उतरते, पिसं शेल्फच्या आणखी जवळून जायला लागतात आणि मनगटावर दोरीचे फटके बसू लागतात. "परवापर्यंत ठीक होतं" या तक्रारीचं सर्वांत साधं आणि सर्वांत जास्त सापडणारं कारण हेच. नवी दोरी मुरेपर्यंत काहीही जुळवू नका. मुरल्यावर ब्रेस हाइट आणि नॉकिंग पॉइंटची उंची एका चिठ्ठीवर लिहून धनुष्याच्या पिशवीत ठेवा, आणि दर वेळी दोरी चढवली की मोजा. आवाज दाबायला लोकरीचे गोंडे लावत असाल तर तेही जुळवणीच्या आधी लावून घ्या. जड गोंड्यांनी दोरी मंदावते आणि तोच बाण किंचित कडक वागू लागतो. दोरीचा प्रकार बदलला तरी असाच फरक पडतो. कमी ताणल्या जाणाऱ्या आधुनिक दोरीवर डेक्रॉनच्या तुलनेत साधारण ५ पौंड जास्त कडक काठी लागते. ज्या जुन्या धनुष्याची टोकं अशा दोरीसाठी मजबूत केलेली नाहीत, त्याला ती लावूच नका.

आता नॉकिंग पॉइंट. टी-पट्टी, म्हणजे T आकाराची मोजपट्टी, दोरीला अडकवून शेल्फवर टेकवा. शेल्फच्या काटकोन रेषेपासून ½ ते ⅝ इंच वर सुरुवात करा. तिन्ही बोटं बाणाच्या खाली धरत असाल तर ⅝ ते ¾ इंच, कधी त्याहूनही थोडं जास्त. चिमटीने दाबायची पितळी कडी लगेच लावू नका. सर्व्हिंगचा दोरा किंवा दात साफ करायचा फ्लॉस घेऊन आठ-दहा गाठी मारा. सर्व्हिंगचे वेढे स्क्रूच्या आट्यांसारखे असल्याने ही गाठ बोटाने फिरवली की केसाकेसाने वर-खाली जाते. जागा पक्की झाली की सुपरग्लूचा एक थेंब. बाणाच्या खालच्या बाजूला दुसरी गाठ बांधा. बोटं खाली धरणाऱ्यांचा नॉक ओढताना खाली घसरतो, आणि एकच गाठ असेल तर वरची मोजमापं कितीही अचूक घेतली तरी उपयोग नाही.

नॉक दोरीवर कसा बसतो तेही आत्ताच बघा. दोरी जमिनीला समांतर येईल असं धनुष्य धरा आणि बाण नॉकवर खाली लोंबकळू द्या. तो स्वतःहून पडता कामा नये. नॉकपासून बोटभर अंतरावर दोरीला टिचकी मारली की सुटून पडला पाहिजे. दोन-तीन जोरकस टिचक्या लागत असतील तर नॉक घट्ट आहे, आणि घट्ट नॉक दर वेळी वेगळ्या क्षणी सुटतो. सर्व्हिंग बदलून बारीक दोऱ्याचं करा किंवा नॉकची खाच बारीक सँडपेपरने उघडा. सर्व्हिंग झिजून नॉक सैल पडणं हीसुद्धा हळूहळू येणारी बिघाडाची पायरी आहे. सैल नॉक दोरीवरून निसटला तर धनुष्य रिकामं सुटल्यासारखंच होतं आणि त्यात लिंब, म्हणजे धनुष्याचे वाकणारे दोन्ही हात, फुटू शकतात.

शेवटी शेल्फ. वरचं चामडं किंवा कापडी पट्टी जवळून बघा. पिसांच्या मुळाने घासलेली जागा चकचकीत दिसते, कधी तिथे पिसाच्या रंगाची बारीक रेघ उमटलेली असते. शेल्फ सपाट असेल तर बाण त्यावर लांबून टेकतो आणि कुठे टेकला हे दर वेळी बदलतं. ग्रिपच्या सर्वांत खोल भागाच्या बरोबर वर, चामड्याखाली, काडेपेटीची एक काडी आडवी चिकटवा. बाजूच्या पट्टीखालीही त्याच रेषेत उभी काडी. बाण दोन बारीक बिंदूंवर टेकला की निम्मे स्पर्शदोष तिथेच संपतात.

दुसरं काम: बाण एकेक करून

डझनातले दोनच बाण वाकडे जात असतील तर धनुष्याचा दोष नाही. प्रत्येक बाणाला क्रमांक घाला आणि कुठला बाण कुठे लागतो ते लिहा. तोच क्रमांक सतत बाहेर जात असेल तर तो बाजूला काढा.

बाण दोन नखांवर टेकवून फुंकरीने फिरवा. डगमगला तर वाकडा. टोक तळहातावर टेकवून भोवऱ्यासारखा फिरवला की टोक तिरकं चिकटवलंय का तेही कळतं. नॉक तिरका चिकटवला असेल तर सरळ काठीसुद्धा बेभरवशाची होते आणि हे डोळ्यांना सहसा दिसत नाही, म्हणून संशय आला की नॉक काढून नवा बसवा. पिसं सगळी एकाच पंखाची हवीत, सगळी डावी नाहीतर सगळी उजवी. शेल्फवरून सोडायचं तर प्लॅस्टिकची पिसं नकोतच. खरं पीस शेल्फला लागलं की दबतं, प्लॅस्टिक बाणाला उडवून लावतं. पिसाच्या मुळाचं पुढचं टोक घासून उतरतं करा आणि त्यावर गोंदाचा एक थेंब किंवा चार वेढे दोरा द्या. तसं न केलेलं मूळ शेल्फ ओरबाडतं, आणि हातावरून बाण सोडणाऱ्यांची कातडीही.

कार्बनचा बाण दर वेळी सोडण्याआधी हातात धरून थोडा वाकवा आणि फिरवत पाहा. करकर ऐकू आली, चीर दिसली किंवा रेषा जाणवली तर तो तोडून टाका. तडकलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याचे काप धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

वजनाचं म्हणाल तर पूर्ण बाण दर पौंड ओढीमागे ८ ते १० ग्रेन असावा. ४५ पौंडांना ९ प्रमाणे ४०५ ग्रेन, म्हणजे सव्वीस ग्रॅमच्या आसपास. १ ग्रॅम १५.४३ ग्रेनचा. फार हलका बाण धनुष्याला रिकाम्या सुटीच्या जवळ नेतो. काही धनुष्यांना किमान वजन ठरवून दिलेलं असतं, त्याच्या खाली जाऊ नका.

तिसरं काम: बिनपिसांचा बाण

पिसं चूक झाकतात. म्हणून तीन बाण पिसांचे आणि दोन किंवा तीन अगदी तसेच, पण पिसं नसलेले. पाच इंची तीन पिसं मिळून अर्ध्या ग्रॅमच्या थोडी पुढे जातात. तेवढं वजन पिसांच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून भरून काढा. मागचं वजन कमी झालं तर काठी नरम वागते आणि निदान चुकतं.

आठ-दहा मीटरपासून सुरुवात करा. लक्ष्याचा ठोकळा मोठा हवा, मागे पक्की भिंत किंवा मातीचा बांध हवा आणि आसपास कुणी नको, कारण चुकीच्या स्पाइनचा बिनपिसांचा बाण कुठेही जाऊ शकतो. जमलं की १८ ते २० मीटर. पिसांच्या बाणांचा घोळका आणि बिनपिसांच्या बाणांचा घोळका, या दोन घोळक्यांची तुलना करायची, एकेका बाणाची नाही. आणि पिसांचे बाणच ताटलीएवढ्या जागेत पडत नसतील तर ही चाचणी आज करू नका, तिच्यातून काही निघणार नाही.

आधी उंची, मग डावं-उजवं. हा क्रम उलटा केला की आडव्या चुकीचं वाचनही खोटं येतं.

बिनपिसांचा बाण पिसांच्या वर लागत असेल तर त्याचं शेपूट खाली आहे. नॉकिंग पॉइंट वर सरकवा, एका वेळी १⁄१६ इंच. खाली लागत असेल तर शेपूट वर आहे आणि नियमाने नॉकिंग पॉइंट खाली आणायचा. इथे मोठा खड्डा आहे. नॉकिंग पॉइंट आधीच फार खाली असेल तर बाणाचा मागचा भाग शेल्फवर आपटून वर उसळतो, आणि तुम्हाला दिसतं ते "शेपूट वर" असंच. तुम्ही नॉकिंग पॉइंट आणखी खाली आणता, उसळी आणखी वाढते, आणि दिवस असाच जातो. म्हणून शेपूट वर दिसलं की आधी नॉकिंग पॉइंट मुद्दाम पाव इंच वर न्या. बिनपिसांचा बाण जवळ आला तर ती उसळी होती. आणखी दूर गेला तरच खाली या. शंका असेल तिथे थोडं उंच ठेवलेलं कधीही परवडतं.

उंची जुळल्यावर आडवं बघा. बिनपिसांचा डावीकडे लागला तर बाण कडक, उजवीकडे लागला तर नरम.

कडक असेल तर टोकाचं वजन वाढवणं सर्वांत सोपं. १०० ते २५० ग्रेनपर्यंत वेगवेगळ्या वजनांची, स्क्रूने बसणारी टोकं हाताशी ठेवली की दहा मिनिटांत दिशा कळते. ढोबळमानाने २५ ग्रेन वाढले की काठी ५ पौंडांनी नरम वागते. बाजूची पट्टी पातळ केली, म्हणजे बाण धनुष्याच्या मध्याकडे आणला, तरी कडकपणा कमी दिसतो. नरम असेल तर हलकं टोक, जाड पट्टी किंवा काठी कापणं. एक इंच कापली की पुन्हा साधारण ५ पौंडांचा फरक. पण कापायची ती पाव-पाव इंचाने, प्रत्येक कापानंतर सहा बाण सोडून. म्हणूनच नव्या काठ्या पूर्ण लांब ठेवून सुरुवात करतात, आणि सगळ्या नाही, दोनच कापतात. पूर्ण ओढल्यावर टोकाची मागची कड धनुष्याच्या पुढे निदान अर्धा-एक इंच राहील याच्या अलीकडे कापू नका. कार्बन कापायचा तो वेगाने फिरणाऱ्या चकतीनेच, आणि तोंडावर मास्क बांधून. ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला. टोक आणि पट्टी दोन्ही एकदम बदलली तर कशाने फरक पडला हे कुणालाच सांगता येणार नाही.

किती जवळ आला म्हणजे पुरे? २० मीटरवर दोन्ही घोळक्यांत वीतभराहून कमी अंतर असेल तर बोटांनी सोडणाऱ्यासाठी बाण जुळला. बिनपिसांचा किंचित नरम, म्हणजे जरासा उजवीकडे लागला तर तसाच राहू द्या. चाचणीत चिकटपट्टी लावली नसेल तर हे आणखी खरं, कारण पिसांचं वजन मागे आलं की तोच बाण थोडा कडक होतो.

कागद ताणून दोन-तीन मीटरवरून बाण आरपार सोडायची चाचणीही करतात. टोकाच्या भोकापासून फाटलेला भाग उजवीकडे गेला तर कडक, डावीकडे गेला तर नरम किंवा स्पर्शदोष. बोटांच्या सुटीला तिथे फाट सुरेख यावी हा आग्रह मात्र सोडा. इतक्या जवळ बाण अजून वाकतच असतो.

वाचन पटत नसेल तर

टोक ५० ग्रेनने बदललं तरी बिनपिसांचा बाण जागचा हलत नाही, किंवा उलट दिशेला जातो. अशा वेळी काठी कुठेतरी आपटते आहे. फार कडक काठी बाजूच्या पट्टीवर आदळून मागचा भाग डावीकडे फेकते, आणि नरम असल्यासारखं दिसतं. मग माणूस ती आणखी कडक करत बसतो. शोधायचं कसं? बाणाच्या मागच्या सहा-सात इंचांवर लिपस्टिक किंवा ओला खडू लावा, शेल्फ आणि पट्टीवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि एक बाण सोडा. डाग कुठे उमटला त्यावरून काठी कुठे आपटली ते कळेल. पट्टीवर लांब ओरखडा असेल तर एकदम मोठी उडी घ्या: ७५ किंवा १०० ग्रेन जड टोक लावून बघा. नरमपणा वाढायच्या ऐवजी बाण मध्याकडे आला तर तो मुळात कडकच होता.

आणि वाचन दर तीन बाणांना बदलत असेल तर दोष तुमच्या ओढण्या-सोडण्यात आहे. ओढ दोन इंच कमी पडली की धनुष्याचा जोर पाचेक पौंडांनी उतरतो आणि तीच काठी कडक होते. म्हणूनच पहिल्या अर्ध्या तासात जुळलेला बाण हात थकल्यावर डावीकडे पडायला लागतो. तेव्हा काहीही जुळवू नका, धनुष्याची दोरी उतरवा. बोटांनी नॉक चिमटीत दाबला तर शेपूट वर-खाली हलतं, हात गालापासून बाहेर झटकला तर डावी-उजवीकडे.

लाकडी बाणांची वेगळी कटकट

लाकडी काठी सगळ्या बाजूंनी सारखी कडक नसते. वार्षिक वलयांच्या कडा ज्या बाजूला दिसतात ती बाजू कडक, आणि ती धनुष्याला टेकली पाहिजे. म्हणजे नॉकची खाच वलयांच्या रेषांना आडवी. ही एकच गोष्ट न पाळल्याने एकाच गठ्ठ्यातले बाण दोन दिशांना जातात, आणि खाच रेषांच्या दिशेने असेल तर दोरी नॉकपासून काठी उभी चिरू शकते. काठीच्या वर दिसणारी रेषांची टोकदार V-सारखी नक्षी पुढे, टोकाकडे वळलेली ठेवा. काठी मोडलीच तर फाट हातापासून वर-पुढे निघते.

डझनातल्या काठ्या ५ पौंडांच्या पट्ट्यात आणि १० ग्रेनच्या आत जुळवून घ्या. टोकाचा उतार ५ अंशांचा, नॉकचा ११ अंशांचा. ज्या धनुष्यात मध्यापर्यंत शेल्फ कापलेलं नाही, जसं एकाच लाकडाचं किंवा बांबूचं साधं धनुष्य, तिथे बाणाला जास्त मोठा वळसा घ्यावा लागतो. ओढीपेक्षा ५ ते १० पौंड नरम काठीपासून सुरुवात करा.

ओलसर हवेत लाकूड पाणी शोषतं आणि वाकतं. पॉलिशचे दोन हात कमी पडलेल्या काठ्यांत हे हमखास दिसतं. वाकलेली काठी उभी टेकवून ठेवू नका, आडवी किंवा टांगून ठेवा. सरळ करायची तर वाक असलेल्या जागी हलकी ऊब द्या, हाताला सोसेल इतकीच, आणि तळहाताने उलट दाबून थंड होईपर्यंत धरून ठेवा. लाकडाचा बिनपिसांचा बाण तिरका लागून सहज मोडतो, म्हणून त्याची चाचणी दहा-बारा मीटरच्या पुढे नेऊ नका, आणि ठोकळा नरम घ्या. भिजलेली पिसं चपटी होऊन काहीच सावरत नाहीत. त्यांना वाफेवर चार-पाच सेकंद फिरवलं की पुन्हा उभी राहतात. वाफ पिसांनाच द्या, कारण गोंद ढिला झाला तर पीस मुळापासून सुटतं.